नावाचा सातबारा

इंदापूर हे नाव मराठीत एकाच तऱ्हेने लिहिलं जातं. इंग्रजी अक्षरांत कुणी शेवटच्या 'पूर'साठी एक 'यू' लिहितं, कुणी दोन 'ओ'. लक्ष्मीला कुणी 'एक्स' लावतं, कुणी 'के-एस-एच'. ज्ञानेश्वर 'डी-एन-वाय'ने सुरू होतो, 'जी-वाय'ने आणि 'जे-एन'नेही. दुकानाच्या पाटीवर याने काही बिघडत नाही, कारण गिऱ्हाईक माणूस ओळखून येतं. इंटरनेटवर मात्र पत्ता अक्षरागणिक बदलतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तो सर्वस्वी वेगळा पत्ता असतो, आणि जगातला कोणीही वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपये भरून तो स्वतःच्या नावावर करून घेऊ शकतो. हे नाव तुझं कसं, असं देताना कुणी विचारत नाही.

हिशेब करून पाहू. समजा एका डेअरीचं नाव 'श्री लक्ष्मी दूध' आहे. 'श्री' इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात, 'लक्ष्मी' निदान दोन तऱ्हांनी, 'दूध'ही दोन. झाली १२ रूपं. त्यांच्यापुढे 'डॉट कॉम', 'डॉट इन' आणि 'डॉट को डॉट इन' एवढी तीनच शेपटं लावली तरी ३६ पत्ते तयार होतात, आणि त्यांतला प्रत्येक वाचणाऱ्याला बरोबरच वाटतो. इंग्रजी नावाच्या नकलेत स्पेलिंगची चूक डोळ्याला खुपते तरी. मराठी नावाच्या नकलेत खुपण्यासारखी चूकच नसते. म्हणून मराठी नावाने चालणारा व्यवसाय या बाबतीत इंग्रजी नावाच्या कंपन्यांपेक्षा जास्त उघड्यावर आहे, असं माझं ठाम मत आहे.

बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी बनवणारी पियाजिओ आहे, चॉकलेटवाली फेरेरो आहे, श्रायबर डायनामिक्सची मोठी डेअरी आहे. अशा कंपन्यांकडे नावांवर नजर ठेवणारे वकील असतात. या प्रकरणात मला काळजी आहे ती बाकीच्यांची: ऊसरोपं विकणाऱ्या रोपवाटिकांची, डाळिंब आणि द्राक्षं परदेशी धाडणाऱ्या बागायतदारांची, पशुखाद्य आणि ठिबकचं साहित्य विकणाऱ्यांची, भिगवणहून उजनीची मासळी बाहेर पाठवणाऱ्यांची. यांचं नाव तालुक्याबाहेर गेलं ते मोबाइलमुळे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पाहुण्यांकडून रोपवाटिकेचं नाव कळतं. तो ते गुगलवर टाकतो, समोर येईल त्या पानावरचा नंबर लावतो आणि आगाऊ रक्कम पाठवतो. ते पान दुसऱ्याच कुणाचं असेल तर रोपं येत नाहीत, आणि गावभर बोभाटा होतो तो खऱ्या रोपवाटिकेचा. आधी पैसे शेतकऱ्याचे जातात, मागोमाग वीस वर्षांत कमावलेली पत दुकानदाराची जाते. हे दुसरं नुकसान कुठल्याच तक्रारीत नोंदलं जात नाही.

असल्या नकलेवरचा आपल्या देशातला एक सुरुवातीचा निकाल मुंबईतला आहे. १९९९ साली 'रेडिफ' या मुंबईच्या संकेतस्थळाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. प्रतिवादींनी 'रॅडिफ डॉट कॉम' असं नाव घेतलं होतं, म्हणजे 'ई'च्या जागी 'ए', बाकी सगळं तेच. त्यांनी खुलासा केला की हे नाव 'रॅडिकल', 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर' आणि 'फ्री' या शब्दांची आद्याक्षरं जुळवून बनलं आहे. न्यायालयाला तो पटला नाही. दुसऱ्याच्या नावलौकिकावर धंदा करण्याचा हेतू स्पष्ट आहे, असं ठरवून न्यायालयाने मनाई हुकूम दिला. पाच वर्षांनी, ६ मे २००४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी' विरुद्ध 'सिफीनेट' या खटल्यात हाच विचार देशभरासाठी पक्का केला. तिथेही प्रतिवादींचा खुलासा तसाच होता: कंपनीच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं जुळली आणि नाव तयार झालं. न्यायालयाने सांगितलं की डोमेन हा नुसता संगणकाचा पत्ता उरलेला नाही, तो व्यवसायाची ओळख झाला आहे, आणि वेगळा कायदा नसला तरी ट्रेडमार्क कायद्यातलं तत्त्व त्याला लागू होतं. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवता येत नाही, हे ते तत्त्व. डोमेनसाठी स्वतंत्र कायदा आजही नाही. हे दोन निकालच आपला आधार आहेत.

त्या काळी नकलाकाराला वाचक पळवायचे होते. आता त्याला थेट पैसे हवे असतात, आणि ग्रामीण भागात तो कुठे गळ टाकतो ते दोन खटल्यांतून दिसतं. २०२० मध्ये अमूलची मालक असलेली गुजरातची सहकारी दूध विपणन संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 'अमूल'ला 'फ्रँचाइझ' असे शब्द जोडून कुणीतरी संकेतस्थळं उघडली होती आणि एजन्सी देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळले जात होते. २०२२ मध्ये डाबरने अशीच तक्रार त्याच न्यायालयात मांडली. तिथे नावात 'डिस्ट्रिब्युटर' जोडलेलं होतं. खटल्याचं नाव 'डाबर विरुद्ध अशोक कुमार'. हा अशोक कुमार अस्तित्वात नाही. प्रतिवादी कोण ते माहीत नसेल तेव्हा आपल्याकडची न्यायालयं हे नाव लिहितात. नकली पत्ता घेणारा गोपनीयतेची सोय वापरून आपलं नाव झाकून ठेवतो, आणि खरा मालक अनामिकाशी लढत बसतो.

दुधाची किंवा खताची एजन्सी मिळणं ही बारामती-इंदापूरसारख्या भागात शिकलेल्या तरुणासाठी केवढी मोठी गोष्ट असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. घरचे सोनं मोडतात, सोसायटीतून कर्ज काढतात. म्हणून एखाद्या स्थानिक डेअरीने किंवा पशुखाद्याच्या कारखान्याने 'आम्ही एजन्सीसाठी ऑनलाइन पैसे घेत नाही' ही एक ओळ पिशवीवर, बिलावर आणि टेम्पोच्या मागे छापली, तर तिचं मोल मी वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त मानतो.

न्यायालयाच्या हुकमाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. जून २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती फार स्वच्छ शब्दांत उलगडली. कंपनीच्या नावाशी 'केअर' हा शब्द जोडून घेतलेल्या पत्त्यांवरून लोकांना फसवलं जात होतं. कंपनीला हवं होतं की डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्यांनी ते पत्ते कायमचे रोखावेत. न्यायमूर्तींचं म्हणणं असं होतं की रजिस्ट्रार नोंदणी स्थगित करू शकतो, पण त्या पत्त्याकडे जाणारी वाट बंद करणं त्याच्या हातात नाही. स्थगित नावाचीही मुदत संपते आणि मग ते पुन्हा बाजारात येतं. नवी नावं तर यंत्रच देतं, तिथे खरं-खोटं पाहायला माणूस बसलेला नसतो. अर्थ एवढाच की एक पत्ता पाडला तरी छत्तिसांतले उरलेले पस्तीस मोकळेच राहतात. पहारा मालकालाच द्यावा लागतो.

पहारा सुरू होतो तो स्वतःच्या नोंदीपासून. शेतजमीन आपली आहे, आपण ती पिढ्यान्‌पिढ्या कसतो, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असेल तर काय होतं, हे इथे कुणालाही ठाऊक आहे. डोमेनलाही असाच उतारा असतो. त्यात नोंदणीधारक कोण, रजिस्ट्रार कोण, नोंद कधी झाली आणि कधी संपते, हे लिहिलेलं असतं. 'डॉट कॉम'सारख्या पत्त्यांचा हा उतारा आयकॅन या जागतिक संस्थेच्या शोधपानावर फुकट पाहता येतो. छोट्या व्यवसायात घडतं ते असं: संकेतस्थळ बनवून देणारा मुलगा ओळखीचा असतो, तो स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतो, स्वतःचा मोबाइल आणि मेल नोंदवतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पुढे तो पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, मुदतीच्या सूचना कुणीच न वाचलेल्या मेलपेटीत पडून राहतात, आणि एके दिवशी फर्मचं पान गायब होतं. कागदोपत्री त्या नावाचा मालक तो मुलगा असतो, फर्म नसते. दुरुस्ती सोपी आहे. रजिस्ट्रारकडे खातं फर्मच्या नावाने उघडायचं, मेल आणि मोबाइल मालकाचा द्यायचा, त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावायची आणि डोमेनला हस्तांतराचं कुलूप आहे ना ते पाहायचं. बनवणाऱ्याला लागेल तेवढा प्रवेश वेगळा देता येतो.

मुदतीचंही तसंच. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. मुदत संपली की 'डॉट कॉम'च्या बाबतीत रजिस्ट्रार फार तर ४५ दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतो, पुढचे ३० दिवस जबर दंड भरून नाव सोडवता येतं, शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग नाव खुलं होतं. अशा सुटणाऱ्या नावांवर टपून बसलेल्या यंत्रणा जगभर आहेत. जुन्या पत्त्याला गुगलवर मिळालेलं स्थान आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये साठलेले दुवे आयतेच त्यांच्या हाती जातात. हंगामाच्या गडबडीत हजार रुपये भरायचे राहून गेले, एवढ्या कारणाने असं व्हावं, याचं वाईट वाटतं.

छत्तीसच्या छत्तीस पत्ते विकत घ्यावेत का? नाही. आपलं इंग्रजी स्पेलिंग एकदाच, कायमचं ठरवावं. तेच पाटीवर, तेच बिलावर, तेच जीएसटीच्या नोंदणीत, तेच गुगल मॅपवर. त्याचं 'डॉट इन' आणि 'डॉट कॉम' घ्यावं, लोक सगळ्यात जास्त लिहितात ते दुसरं एक स्पेलिंग घ्यावं, आणि तिन्ही पत्ते एकाच पानावर वळवावेत. एवढा खर्च कुठल्याही रोपवाटिकेला झेपतो. उरलेल्यांवर महिन्यातून एकदा नजर टाकायची. आपलंच नाव निरनिराळ्या स्पेलिंगने शोधून पाहायचं आणि जाहिरात म्हणून वर येणारे निकाल मुद्दाम उघडून बघायचे, कारण नकली पान पुष्कळदा पैसे भरून वर चढवलेलं असतं.

देवनागरी पत्त्यांचा पर्यायही आहे. 'डॉट भारत' हे शेपूट ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि ते मराठीलाही चालतं. त्यात स्पेलिंगचा घोळ सुटतो, पण 'ख' आणि 'रव', 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' अशा दिसायला जवळच्या अक्षरांचा नवा घोळ येतो. इंग्रजीतही हे होतं: २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून 'ॲपल'सारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला, आणि त्या वेळच्या काही ब्राउझरांत तो ओळखूच येत नव्हता. बरं, पत्त्यापुढचं कुलूप पाहून निश्चिंत होण्याचे दिवसही गेले. ते कुलूप एवढंच सांगायचं की वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलंय याचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि तसं प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळतं. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून गुगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून ते चिन्हच काढून टाकलं.

सरकारी योजनांच्या बाबतीत एक साधी खूण होती. 'जीओव्ही डॉट इन' हे शेपूट फक्त सरकारला मिळतं. पीएम-कुसुम योजनेच्या नावाने सौर पंपाची खोटी नोंदणी करणारी संकेतस्थळं निघाली तेव्हा केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला २०१९ पासून वारंवार इशारे द्यावे लागले. पण आपल्या राज्यात या योजनेचं काम पाहणाऱ्या महाऊर्जाचं नोंदणीचं खरं पान 'डॉट कॉम'वर होतं, आणि महावितरणचा ओळखीचा पत्ता 'डॉट इन'चा. दोन्ही पत्ते खरे आहेत, त्यात वाद नाही. पण शेतकऱ्याला एकच सोपी कसोटी शिकवता आली असती ती या निवडीमुळे निसटली, हे मला फार खटकतं. बँकांनी मात्र उशिरा का होईना, दार नीट लावलं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' हे फक्त बँकांसाठी राखीव शेपूट जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी त्यावर यावं असा आदेश काढला. हे पत्ते हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडून मिळतात. सहकारी बँकेच्या सभासदाला आता सांगता येतं की पत्त्याचा शेवट बघा, मगच पासवर्ड टाका.

व्यापाऱ्याला असं राखीव शेपूट नाही. त्याला ट्रेडमार्क आहे, आणि इथे आपल्याकडच्या नावांची दुसरी अडचण समोर येते. बारामती, इंदापूर, नीरा, उजनी ही गावं आणि नद्या-धरणं. भैरवनाथ, सोमेश्वर, लक्ष्मी ही दैवतं. आपण धंद्याला नाव देतो ते यांतूनच, आणि त्यात श्रद्धा असते. पण मालाचं मूळ गाव सांगणारं नुसतं नाव कायद्याने सहसा एकट्याचं होत नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं म्हटलं आहे. दैवताच्या नावाचे शेकडो हकदार आधीच असतात. म्हणून 'बारामती रोपवाटिका' या नावाचं संरक्षण करणं अवघड, पण त्याच्यासोबत एखादा वेगळा, घडवलेला शब्द आणि चिन्ह असेल तर त्या जोडीचं करता येतं. नवं नाव ठेवणाऱ्यांनी बारशाच्या आधीच हा विचार करावा. एकल मालक, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. दूध आणि दुधाचे पदार्थ २९व्या वर्गात येतात, साखर ३०व्या, ताजी फळं, रोपं आणि पशुखाद्य ३१व्या. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते.

नोंदणीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर कलम १३४ प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा लावता येतो. नकली पान चालवणारा झारखंडात असो की हरियाणात, लढाई आपल्या जिल्ह्यात आणता येते. नोंदणी नसेल तर नावलौकिकाच्या जोरावर दावा होतो, पण ही खास सवलत मिळत नाही आणि नाव आपलं असल्याचा पुरावा पहिल्या पायरीपासून गोळा करावा लागतो: जुनी बिलं, जाहिराती, वर्तमानपत्रांतली कात्रणं.

निर्यातदारांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचा एकच फटका मोठा असतो. द्राक्षाचा कंटेनर रवाना झाला की बिलाचे पैसे यायला काही दिवस जातात. या काळात आयातदाराला मेल येतो: आमचं बँक खातं बदललं आहे, नव्या खात्यात भरा. मेलच्या पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी असतात. लहान लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. यासाठी कुणाची तरी मेलपेटी आधीच फोडून पत्रव्यवहार वाचलेला असतो, म्हणून बिलाची रक्कम आणि तारीख अचूक असते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनमध्ये भरल्या तर आपल्या खऱ्या पत्त्यावरून खोटा मेल पाठवणं अवघड होतं, आणि त्या भरायलाच हव्यात. पण जवळपासच्या वेगळ्या पत्त्यावर त्यांचा काही इलाज चालत नाही. तिथे उपयोगी पडतं ते करारातलं एक वाक्य: खातं बदलल्याची सूचना मेलवर कधीही दिली जाणार नाही, ओळखीच्या नंबरवर बोलूनच ती ग्राह्य धरावी. जे अजून फुकटच्या मेलवरून निर्यातीचा पत्रव्यवहार करतात त्यांची नक्कल करायला तर डोमेनचे हजार रुपयेही लागत नाहीत.

नकली पान सापडलंच, तर पहिल्या तासात त्याचे पत्त्यासह, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण तक्रार झाल्याचं कळताच पान उतरवलं जातं. कुणाचे पैसे गेले असतील तर त्याने १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या साहाय्याने फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांत तक्रार दिल्यावर रजिस्ट्रारच्या गैरवापर कक्षाला मेल करावा. 'डॉट कॉम'सारख्या पत्त्यांसाठी ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारानुसार फिशिंगसारख्या फसवणुकीचा सबळ पुरावा मिळाल्यावर कारवाई करणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. याला पैसे लागत नाहीत, आणि पुष्कळ पानं एवढ्यानेच उतरतात.

ते नाव स्वतःकडेच हवं असेल तर लवादाची वाट आहे. 'डॉट इन'साठी निक्सी या संस्थेकडे २००५ पासून तशी व्यवस्था आहे. 'डॉट कॉम'साठी जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जाता येतं. तिथे पाच नावांपर्यंत एका पंचाचं शुल्क १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात. दोन्हीकडे सिद्ध करायचं ते जवळजवळ एकच: नाव आपल्या नावाशी गोंधळ व्हावा इतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याचा हेतू वाईट आहे. जिनिव्हात नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचं दाखवावं लागतं, निक्सीकडे दोहोंपैकी एक पुरतं. भरपाई मिळत नाही. नाव रद्द होतं किंवा आपल्याकडे येतं.

हेतू सिद्ध करायला पुष्कळदा समोरचाच मदत करतो. जिनिव्हाच्या या व्यवस्थेतली पहिलीच तक्रार डिसेंबर १९९९ मध्ये आली, ती अमेरिकेतल्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनची. एकाने त्यांच्याच नावाचं 'डॉट कॉम' नोंदवलं आणि तीन दिवसांनी त्यांनाच मेल करून ते १,००० डॉलरला देऊ केलं. पंचांनी तो मेलच वाईट हेतूचा पुरावा मानला आणि जानेवारी २००० मध्ये नाव फेडरेशनला देऊन टाकलं. म्हणून 'तुमच्या फर्मचं डोमेन माझ्याकडे आहे, पन्नास हजारांत देतो' असा व्हॉट्सॲप संदेश आला, तर रागाच्या भरात उत्तर देऊ नये आणि तो पुसूनही टाकू नये. तो जपून ठेवावा आणि वकिलाला दाखवावा.